आयव्हीएफचा एम्ब्रियो टाकायचा का सॉर्टेड सीमेनच बरं? (एचएफ गोठा, खटाव)

गोठेकरी_खटाव

नमस्कार मंडळी. वडूजच्या जवळ आमचा गोठा आहे, सगळ्या एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन, परदेशी दुधाळ जात) क्रॉस, सहा दुधात आणि चार कालवडी. परवा संकलन केंद्रावर एकजण आलेला, म्हणाला आयव्हीएफचा एम्ब्रियो (लॅबमध्ये तयार केलेला गर्भ) गाईच्या पोटात टाकून देतो, गाय कुठली का असेना पोटी येणारी पाडी तीस-पस्तीस लिटरचीच. एका गाभणीला वीस हजाराच्या वर सांगतोय आणि त्यातले निम्मे आधी द्यायचे म्हणे. वडील म्हणतात कशाला नाद करतोस, नेहमीची कांडी (वळूच्या सीमेनची नळी) भर.

पण मला काहीतरी बदलायचंच आहे कारण आमच्याकडं लागोपाठ गोऱ्हेच होतायत. एचएफच्या गोऱ्ह्याचं करायचं काय सांगा? औताला चालत नाही, उन्हात धापा टाकतो, २०१५ च्या कायद्यानंतर बाजारात त्याला कोण विचारत नाही, आणि पाजून वाढवायचा म्हटलं तर डेअरीला जाणारं दूध त्याच्यातच जातं. काही लोक रात्री टेम्पोत घालून लांब सोडून येतात, ते आमच्याच्यानं होत नाही. आई तर तो विषय काढला तरी उठून जाते.

तर विचारायचं असं की एम्ब्रियो टाकल्यावर त्या गाईचं दूध वाढतं का, आमची एक सोनी म्हणून गाय आहे दोन्ही टायमाचं मिळून २८ लिटरला गेलेली, तिची अंडी काढून घरच्याच बाकी गाईंत टाकता येतील का, आणि सॉर्टेड सीमेन (पाड्याच व्हाव्यात म्हणून निवडलेलं) खरंच लागू पडतं का? कारण आमच्या गावात एआय (कृत्रिम रेतन) करणारा भाऊ म्हणतो त्यानं गाई उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, यूट्यूबचे व्हिडिओ बघून डोकं फिरलंय.

कृष्णाकाठ_डेअरी

दादा मी पलूस तालुक्यातला. आमच्या गोठ्यात एम्ब्रियो टाकून झालेत म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे दूध वाढत नाही. जिच्या पोटात टाकला तिचं दूध तिच्या अंगातलं, ती देत होती तेवढंच देणार, खुराक बघून लिटरभर इकडं तिकडं. रान आपलं आणि बेणं दुसऱ्याचं, असा हिशोब आहे हा. पाडी जाणार ती अंडं जिचं त्या गाईवर आणि सीमेन ज्याचं त्या वळूवर. पोट सांभाळणाऱ्या गाईचं रक्त तिच्यात येत नाही, तिच्याकडून मिळतं ते नऊ महिन्यांचं पोषण आणि व्याल्यावर चीक. म्हणून त्या माणसाला विचारायचं की अंडं कुठल्या गाईचं, तिच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर काय, तिनं एका वेतात किती दूध दिलं, वळूचा नंबर काय. हे कागदावर देत नसेल तर चहा पाजायचा आणि वाटेला लावायचा.

आणि "गाय कुठली का असेना" हे तर साफ खोटं. टाकायच्या दिवशी मी शेजारीच उभा होतो. डॉक्टरांनी आधी हात घालून प्रत्येक गाय तपासली, माज होऊन सात दिवस झालेत का आणि अंडाशयावर सीएल (अंडं सुटल्यावर तिथं येणारी गाठ) नीट आलाय का ते बघितलं, ज्यांचा बारका वाटला त्या सरळ बाजूला काढल्या. मग शेपटीच्या मुळाशी इंजेक्शन दिलं, दोन-तीन मिनिटांत शेपटी अशी ढिली पडली की उचलून सोडली तर तशीच खाली. एम्ब्रियो आणलेले गरम डब्यात, ती कांडी गनमध्ये घातली, वर प्लॅस्टिकचं कव्हर, आणि ज्या बाजूला सीएल त्याच बाजूच्या गर्भाशयाच्या शिंगात आत खोलवर नेऊन सोडला. गाय जागेवर हलली नाही. तोपर्यंत मला वाटायचं हे साध्या एआयसारखंच असणार पण तसं नाही, याला हात फार बसलेला लागतो. टाकल्यापासून दोन आठवड्यांनी गाय माजावर आली की समजायचं गेला. आमच्या काही राहिल्या, काही परत माजावर आल्या.

आता पैशाचं. आमच्याकडं जे आलेले त्यांनी ३० दिवसांनी सोनोग्राफी केली, गाभण आहे म्हणाले आणि पूर्ण पैसे घेतले. त्यातली एक दोन महिने व्हायच्या आत परत रिकामी. फोन लावला तर म्हणे आमचं काम तीस दिवसांपर्यंतच. त्यामुळं आधी निम्मे वगैरे अजिबात देऊ नका. ६० दिवसांनी हात घालून डॉक्टर गाभण म्हणतील तेव्हा पैसे, असं लिहून घ्या आणि तपासणारे डॉक्टर आपले ठेवा, त्यांचे नकोत.

पण जी पाडी झालीय ना ती बघायला या एकदा. पाठ सरळ, मागचे पाय रुंद, खायला वाघीण. अजून व्यायची आहे त्यामुळं दुधाचं आत्ताच बोलत नाही, पण रोज सकाळी पहिलं तिच्यापाशीच जातो मी.

पशुवैद्य_सातारा

वरच्या भाऊंनी बरंच नीट सांगितलंय. मी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, जिल्ह्यातच प्रॅक्टिस आहे, आणि हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो म्हणून जरा सविस्तर.

आधी सॉर्टेड सीमेन, कारण तुमच्या गोठ्याला खरा उपयोग त्याचाच आहे. गाईचं अंडं नेहमी एक्सच असतं. पाडी होणार का गोऱ्हा हे वळूकडून एक्स आला का वाय यावर ठरतं (त्यामुळं गाईला गोऱ्ह्यांची सवय लागलीय वगैरे काही नसतं, तिला त्यात बोल लावू नका). एक्स शुक्राणूत वायपेक्षा डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. शुक्राणूंना चमकणारा रंग देऊन एकेक थेंब लेझरसमोरून सोडतात, जास्त चमकला तो एक्स, तो वेगळा काढतात. एवढ्या बारीक फरकावर निवड चालते तरी ९० टक्क्यांच्या आसपास पाड्या मिळतात. पण या सगळ्यातून जाताना शुक्राणूला ताण बसतो आणि कांडीत भरतात पण कमी, साध्या कांडीत आपल्याकडं २ कोटी शुक्राणू असतात तर सॉर्टेडमध्ये साधारण २० लाख. म्हणजे चुकायला जागाच राहत नाही. तुमचा एआयवाला खोटं बोलत नाहीये, गाभण राहण्याचं प्रमाण साध्यापेक्षा कमीच असतं.

तरी हिशोब करून बघा. दहा चांगल्या कालवडी साध्या कांडीनं भरवल्या तर पहिल्या खेपेला पाच-सहा राहतील, त्यात पाड्या तीनच धरा. सॉर्टेडनं चार-पाच राहतील, पण त्यात पाड्या चार. शिवाय कालवड पहिलारू असते, पाडी वजनाला गोऱ्ह्यापेक्षा हलकी, त्यामुळं व्यायला सोपं जातं, हा फायदा कुणी मोजत नाही पण ज्यानं रात्री दोनला अडलेली कालवड बघितलीय त्याला विचारा.

वापरायचं कुणाला ते महत्त्वाचं. कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या निरोगी गाईंना, तेही पहिल्या किंवा दुसऱ्या खेपेला. जी गाय तीन-तीनदा भरवून उलटतेय, जिचा जार अडकला होता, जिच्या सोटात (माजाच्या चिकट स्रावात) पू दिसतो, तिला सॉर्टेड घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तिला आधी उपचार. आणि व्याल्यावर ६० दिवस जाऊ द्या, दुधाच्या चढाला गाय अंगातली चरबी जाळत असते, हाडं वर आलेली असताना कुठलंही सीमेन घाला, लागत नाही.

किंमत आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. एनडीडीबीनं (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं) देशी तंत्र तयार केलंय, गौसॉर्ट नावाचं, त्याचं लोकार्पण आपल्याच राज्यात वाशिमला झालं, ५ ऑक्टोबर २०२४ ला. डोसमागे सुमारे २०० रुपये वाचतील असं तेव्हा सांगितलं होतं. राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून सॉर्टेडवर ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आणि आयव्हीएफच्या निश्चित गाभणीला ५००० रुपये, अशा तरतुदी आहेत. तालुक्याच्या दवाखान्यात आणि दूध संघात विचारा, सध्या काय चालू आहे ते तेच सांगतील.

आता सोनी. तिची अंडी काढून घरच्या गाईंत टाकता येतात का, तर हो, तंत्र तेच आहे. योनिमार्गातून सोनोग्राफीचा प्रोब घालून अंडाशय स्क्रीनवर बघत सुईनं अंडी ओढून घेतात, लॅबमध्ये एक दिवस पिकवतात, सीमेनबरोबर फलित करतात, आणि सात दिवस वाढवून टाकतात. १९८१ ला अमेरिकेत आयव्हीएफचं पहिलं वासरू झालं, आपल्याकडं कर्नालच्या एनडीआरआयनं (राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनं) १९९० ला आयव्हीएफचं म्हशीचं रेडकू जन्माला घातलं, प्रथम नाव त्याचं. म्हणजे विज्ञान पक्कं आहे. पण आकडे बघा. एचएफ गाईकडून एका बैठकीला साधारण सात-आठ अंडी, त्यातून धड एम्ब्रियो दोन-तीन, आणि टाकलेल्यांपैकी ३५ ते ४५ टक्के राहतात. थोडक्यात एका बैठकीला एक गाभण, नशीब चांगलं असेल तर. गीर, साहिवाल यांना अंडी पुष्कळ जास्त मिळतात म्हणून ब्राझीलनं आपल्याच गीरवर आयव्हीएफचा एवढा पसारा उभा केला.

आणि २८ लिटर हा सोनीचा एका दिवसाचा उच्चांक आहे ना? दाता गाय (जिची अंडी काढायची ती) निवडताना बघायचं एका वेताचं पूर्ण ३०५ दिवसांचं दूध, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकी घन घटक), कास कशी बांधलेली, दगडी (कासेचा दाह) कितीदा झाली, खूर कसे, आणि दर वेताला ती वेळेवर गाभण राहते का. महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध मोजून लिहा, वर्षभरात चित्र समोर येतं. सोनी त्यात टिकली तर मग तिचा विचार जरूर करू. तोवर सोनीला चांगल्या सिद्ध वळूची सॉर्टेड कांडी, एवढं पुरे. वळूचा नंबर मात्र लिहून ठेवा, मी कितीतरी गोठ्यांत बघतो की आई ज्या वळूनं भरवली त्याच वळूनं तिची पाडी भरवतात, कारण कांडीचा नंबर कुणी वाचतच नाही.

एआय_कराड

डॉक्टर साहेब नंबर एक सांगितलंत. मी एआयचंच काम करतो, कराड भागात, एक गोष्ट वाढवतो कारण सगळा खेळ तिथंच होतो.

कांडी नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला असते. बाहेर काढली की सरळ ३७ डिग्रीच्या पाण्यात ३० सेकंद, थर्मामीटर लावून, मग कोरडी पुसायची, कापायची, गन भरायची आणि लगेच गाईकडं. हे एवढंच. पण कितीतरी जण कांडी तळहातावर चोळतात, खिशात घालतात, नाहीतर बादलीत बोट घालून "झालं कोमट" म्हणतात. कंटेनरमधला कॅनिस्टर (कांड्या ठेवायचा डबा) मानेच्या वर काढून पाच-दहा सेकंदांच्या वर धरून शोधत बसलं तर खालच्या बाकीच्या कांड्याही बाद होतात. साध्या कांडीत दोन कोटी असतात म्हणून त्यातूनही एखादी गाय राहून जाते, सॉर्टेडमध्ये राहत नाही, आणि मग नाव सीमेनचं खराब होतं. तुमच्या एआयवाल्याकडं थर्मास आणि थर्मामीटर आहे का ते बघा, विचारायला लाजू नका, चांगला माणूस असेल तर त्याला आवडेलच.

दुसरं टायमिंग. सकाळी माज दिसला तर साधी कांडी संध्याकाळी भरतो आपण. सॉर्टेडचे शुक्राणू आत जास्त वेळ टिकत नाहीत म्हणून ती अजून थोडी उशिरा, माज सुरू झाल्यापासून १६ ते २० तासांच्या दरम्यान. पण माज सुरू कधी झाला हेच घरी कुणाला माहीत नसतं! फोन येतो "गाय हंबरतीय या लवकर", जाऊन बघावं तर सोट तुटायला लागलेला असतो. माज बहुतेक रात्री नाहीतर पहाटे सुरू होतो, झोपायच्या आधी आणि धारेच्या आधी बॅटरी घेऊन पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहून बघायचं. दुसरी गाय वर चढली तरी जी पुढं पळत नाही, जागेवर उभी राहते ती खरी माजावर. मुक्तसंचार गोठा असेल तर हे आपोआप दिसतं, दाव्याला बांधलेल्या गाईचा मुका माज पार निघून जातो.

गोठेकरी_खटाव

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. रात्री वडिलांना सगळं वाचून दाखवलं, ते म्हणाले त्यांच्या लहानपणी साधी कांडी भरायलाही लोक तयार नसायचे, गावचा वळू असताना सुई कशाला म्हणायचे. उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ ला बाएफ ही संस्था सुरू केली, तिथलं संकरित गाईंचं काम हळूहळू इकडं पोचलं तेव्हा कुठं लोकांचा विश्वास बसला. आता तेच म्हणतायत कालवडींना सॉर्टेड भरू.

चारपैकी दोन कालवडी टेपनं मोजल्या तर २६० किलोच्या आसपास भरतायत, पंधरा-सोळा महिन्यांच्या आहेत. या भरवाव्या का? बाकी दोन बारक्या आहेत. आमचा गोठा बांधीव आहे, पण मागं दहा-बारा गुंठे पड रान आहे तिथं जाळी मारून सोडता येईल. आणि उन्हाळ्याचं काय, एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं गाई माजच दाखवत नाहीत.

माणदेशी_ताई

मध्येच विचारते, राग मानू नका. आम्ही माण तालुक्यातले, दावणीला खिलार आहेत, सासऱ्यांच्या वेळेपासून. ते एम्ब्रियोवाले आमच्याकडं पण आलेले, म्हणाले खिलार गाई नाहीतरी दूध देत नाहीत, त्यांच्या पोटात एचएफचे एम्ब्रियो टाका, फुकट पोटं पडून आहेत. मला ते ऐकून फार वाईट वाटलं. आमच्या गाई चाऱ्याच्या छावणीतले दिवस काढून उभ्या राहिल्यात, उसाच्या वाढ्यावर जगल्यात, त्यांना हे असं कसं बोलतात. खरसुंडीच्या बाजारात आजही चांगल्या खिलार खोंडाभोवती माणसं गोळा होतात, २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला तेव्हापासून तर जास्तच. आमच्यात गोऱ्हा झाला तर पेढे वाटतात. तर हे तंत्र खिलार वाढवायला वापरता येतं का डॉक्टर, का ते फक्त दुधाच्या गाईंसाठीच?

पशुवैद्य_सातारा

ताई, राग कसला, या सगळ्या धाग्यात मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला. खिलारच्या पोटात एचएफचा एम्ब्रियो टाकू नका. मोठ्या हाडापेराच्या जातीचं वासरू लहान चणीच्या गाईला अडायचा धोका असतो, आयव्हीएफची वासरं कधीकधी जन्मतःच जास्त वजनाची असतात ते वेगळंच, आणि नऊ महिने तुमच्या गाईच्या पोटी खिलार वासरू आलं नाही हे नुकसान तर धरतच नाही कुणी. उलटं करा म्हणतो मी. जातिवंत खिलार गाईची अंडी काढायची, जातिवंत खिलार वळूच्या सीमेननं फलित करायची आणि एचएफ क्रॉस गाईंच्या पोटात टाकायची. देशी गाईंना अंडी जास्त मिळतात हे वर सांगितलंच, आणि एरवी जी गाय वर्षा-दीड वर्षाला एक वासरू देते तिची त्याच काळात चार-पाच वासरं होऊ शकतात. तुम्हाला खोंडच हवे असतील तर नेहमीचं सीमेन वापरायचं, सॉर्टेड नको. हे एकट्या शेतकऱ्याच्या खिशाला परवडणार नाही, पण खिलार पाळणारे दहा-पंधराजण मिळून शिरवळच्या महाविद्यालयाकडं किंवा पशुधन विकास मंडळाकडं लेखी मागणी घेऊन गेले तर बोलणं होऊ शकतं. तुमच्याकडं दोन-तीन पिढ्यांची वंशावळ तोंडपाठ असेल तर ती आत्ताच वहीत उतरवा, कारण दाता गाय निवडायला पहिली तीच लागेल.

खटावच्या दादा, २६० किलोच्या दोन्ही कालवडी भरवा, पण एक माज नुसता बघून नोंद करा आणि पुढच्या २१ दिवसांनी येणाऱ्या माजाला भरा, म्हणजे वेळ चुकणार नाही. बारक्या दोघींना घाई करू नका, जंताचं औषध आणि रोज मिनरल मिक्श्चर चालू करा. मागच्या रानात जाळी मारून सोडणं एक नंबर, सावली आणि पाणी मात्र दोन्ही हवं. उन्हाळ्यात दुपारी गाईच्या अंगावर पाणी आणि समोर पंखा, आणि वैरणीचा मोठा वाटा रात्री टाका. एवढं करूनही मे महिन्यात माज कमीच दिसेल, सॉर्टेड कांड्या थंडीसाठी राखून ठेवा.

एक राहिलं. एम्ब्रियो असो नाहीतर कांडी, आधी सगळ्या गोठ्याची ब्रुसेला (गाभ पाडणारा जंतूंचा रोग) तपासणी करून घ्या, विशेषतः कुठली गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभडली असेल तर. लाख रुपयाचा गर्भ ब्रुसेलाच्या गाईत टाकला तर तो शेवटच्या महिन्यांत बाहेर पडतो. हा रोग माणसाला पण होतो, ताप येत-जात राहतो, सांधे धरतात, म्हणून जार काढताना उघडा हात कधी घालू नका. पुढं ज्या पाड्या होतील त्यांना ४ ते ८ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस एकदाच द्यायची असते, सरकारी कार्यक्रमातून ती मोफत आहे, फक्त पाड्यांनाच, गोऱ्ह्यांना नाही.

गोठेकरी_खटाव

डॉक्टर, गेल्या वर्षी एक गाय आठव्या महिन्यात गाभडलेली आमची. तेव्हा पडली असेल, दुसरीनं ढुशी दिली असेल म्हणून सोडून दिलं सगळ्यांनी. ती अजून गोठ्यातच आहे, बाकीच्यांच्या शेजारी.

पशुवैद्य_सातारा

मग तिचं रक्त पहिलं. उद्याच तालुक्याच्या दवाखान्यात कळवा, नमुना ते घेऊन लॅबला पाठवतात. रिपोर्ट येईपर्यंत तिला वेगळी बांधा, तिचं दूध घरात उकळूनच वापरा आणि कुठलीच कालवड भरवू नका. रिपोर्ट काय आला ते इथंच टाका, पुढचं त्यावर ठरवू.

कृष्णाकाठ_डेअरी

दादा तिची धार सगळ्यात शेवटी काढा आणि हात धुवून घ्या. आमच्या इथं एका गड्याला झालेला तो ताप, कितीतरी महिने कुणाला कळलंच नव्हतं कशाचा आहे ते.